सह्याद्रीसाठी कायम तिथी

श्रावकाच्या दानधर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पहिल्या तिन्हींचे स्वरूप समाजाला सुपरिचित आहे. भोजनशाळा, दवाखाने, पाठशाळा, वसतिगृहे आणि ग्रंथप्रकाशन यांच्या रूपाने ती गावोगावी उभी आहेत. अभयदान मात्र बहुतेक कुटुंबांच्या मनात ठरावीक चित्रांशी जोडलेले असते. कसायाकडून सोडवून आणलेले जनावर, पांजरपोळातील थकलेली गाय, चबुतऱ्यावर पाखरांना टाकलेले दाणे ही ती चित्रे होत. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु ज्या जीवाच्या गळ्यात दावे नाही, किंमत मोजून ज्याला कोणाकडून सोडवून घेता येत नाही, त्या रानातल्या जीवाला अभय कसे द्यावे, हा प्रश्न जीवदयेच्या खात्यात सहसा उपस्थित होत नाही. त्याला भय असते ते राहते घर नाहीसे होण्याचे. ते घर राखण्यासाठी पैसा लागतो, आणि तो कोणत्या रीतीने दिला जातो यावर त्याचे फळ अवलंबून असते.

एक वृक्ष, एक घरटे

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात, बेहड्याचे जुने, प्रचंड वृक्ष आढळतात. त्यांच्या ढोलीत महाधनेश हा मोठा पक्षी घरटे करतो. त्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. वयोवृद्ध झाडात निसर्गतः तयार झालेली पोकळीच त्याला हवी असते. विणीच्या हंगामात मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व माती यांनी दार लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर येईल एवढी फट. त्यानंतर सुमारे तीन ते चार महिने नर उंबर-वडाची फळे आणून त्या फटीतून मादीला आणि पुढे पिलालाही भरवतो. या काळात मादीचे पिसे झडून नवी येतात, त्यामुळे काही काळ तिला उडताही येत नाही. अशा वेळी ते झाड कोसळले, तर सारे कुटुंबच संपते. आणि झाड विणीचा हंगाम संपल्यावर तोडले, तरी पुढच्या वर्षी परतणाऱ्या जोडीला घर उरत नाही. नवी ढोली तयार व्हायला एखाद्या माणसाचे आयुष्यही अपुरे पडते.

हे झाड तोडणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडे आहे. रान बहुतांशी खासगी मालकीचे आहे. मालकाच्या घरी लग्नकार्य निघते, आजारपण येते, छपराची दुरुस्ती अंगावर येते. लाकडाचा ठेकेदार उभे रान उक्ते घेतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. बेहड्याचे लाकूड टिकाऊ नसल्याने ते खोक्यांच्या फळ्या आणि जळण यांतच जाते. म्हणजे शेकडो वर्षांचे घर थोडक्या दामात विकले जाते, कारण ते उभे ठेवण्याची किंमत कोणीच देऊ करत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर उभ्या झाडाला गिऱ्हाईक नाही आणि तोडलेल्या झाडाला आहे.

गांध्याच्या दुकानातील उत्तर

या उणिवेवर काम करणारी एक संस्था पुण्यात १९९५ साली स्थापन झाली. अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन हे तिचे नाव. उत्तर सह्याद्रीतील देवराया आणि खासगी राने हे तिचे मुख्य कार्यक्षेत्र. रानाच्या मालकांशी व गावांशी तिने करार केले. ठरावीक वर्षे झाडे तोडायची नाहीत आणि त्याबदल्यात मोबदला घ्यायचा, असे त्यांचे स्वरूप आहे. परंतु केवळ न तोडण्याचा मोबदला कायम पुरत नाही, म्हणून त्याला जोड मिळाली ती बेहड्याच्या फळाची.

हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, हे प्रत्येक गांध्याच्या दुकानात ठाऊक असते. ते फळ कोठून येते, कोण वेचतो आणि त्याला काय मिळते, हे मात्र पेठेत फार क्वचित विचारले जाते. सह्याद्रीतील हिरडा-बेहड्याचे वेचणे फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रमाणित करण्यात आले. त्यामागील तत्त्वे साधी आहेत. फळासाठी फांद्या छाटायच्या नाहीत. सर्व फळे उचलायची नाहीत. पशुपक्ष्यांसाठी आणि नव्या रोपांसाठी काही वाटा सोडायचा. वेचणाऱ्याला ठरलेला रास्त भाव द्यायचा आणि मालाची नोंद ठेवायची. इंग्लंडमधील पक्का हर्ब्स ही वनौषधींची कंपनी अशा मालाची ग्राहक झाली. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी समाजातील कुटुंबेही या रीतीने हिरडा-बेहडा वेचू लागली. झाडाचे फळ दरवर्षी उत्पन्न देते हे पाहिल्यावर मालकाचा हिशेबही बदलतो. लाकूड एकदाच विकता येते, फळ मात्र वर्षानुवर्षे. मुद्दल न मोडता व्याजावर राहणे हे व्यापारी घराण्यांना नव्याने शिकवावे लागत नाही.

अनेकांचा पैसा, एकच आराखडा

अशी कामे एकट्या दात्याच्या बळावर उभी राहत नाहीत. पश्चिम घाट सहा राज्यांतून सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेला आहे. २०१२ साली त्यातील ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. त्यांत महाराष्ट्रातील कासचे पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. एवढ्या मोठ्या पर्वतरांगेत जो तो आपल्या आवडीच्या टेकडीवर पैसा खर्च करील, तर दोन टेकड्यांमधला दुवा तुटलेलाच राहील.

या अडचणीवर क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंड या निधीने एक पद्धत वापरली. हा निधी २००० साली सुरू झाला. जागतिक बँक, युरोपीय संघ, जपान सरकार, फ्रान्सची विकाससंस्था, ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी आणि कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल असे दाते त्यात एकत्र आले. २००८ ते २०१५ या काळात या निधीतून पश्चिम घाटासाठी सुमारे ६० लाख डॉलर देण्यात आले. दात्यांनी आधी पैसा वाटून नंतर कामे शोधली नाहीत. कोणत्या प्रजाती सर्वाधिक संकटात आहेत, कोणती स्थळे आणि कोणते जोडपट्टे राखणे निकडीचे आहे, याचा आराखडा प्रथम तयार झाला. पाच पट्टे प्राधान्याचे ठरले. सह्याद्री-कोकण हा त्यांपैकी एक. मग पैसा सरकारी खात्यांना न देता स्थानिक स्वयंसेवी संस्था व अभ्यासक यांना लहानमोठ्या अनुदानांच्या रूपाने दिला गेला. त्यांची निवड, देखरेख आणि मार्गदर्शन बंगळुरूच्या अशोका ट्रस्ट या संशोधनसंस्थेकडे होते. वर उल्लेखिलेल्या पुण्याच्या संस्थेलाही या निधीचे साह्य लाभले.

दाते अनेक, आराखडा एक आणि काम स्थानिकांच्या हाती, ही रचना जैन समाजाला परकी वाटू नये. देरासरात देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण आणि जीवदया ही खाती वेगवेगळी ठेवली जातात. एका खात्याची रक्कम मन मानेल तशी दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही. शेकडो दात्यांचा पैसा एकत्र करून त्याचा उद्देश पिढ्यान्‌पिढ्या अबाधित राखण्याची ही शिस्त फार थोड्या समाजांकडे असेल. डोंगरासाठी नेमकी तीच शिस्त लागते.

उत्साहाने होणारी हानी

पैसा आणि सद्भावना असूनही ज्ञान नसेल तर काय होते, याची उदाहरणे सह्याद्रीत पुष्कळ आहेत. वृक्षारोपण हा पुण्याचा सोपा मार्ग वाटतो. एका रविवारी पाचशे रोपे लागतात, फलक उभा राहतो, छायाचित्र निघते. परंतु ती रोपे अनेकदा ऑस्ट्रेलियन बाभळीची किंवा गिरिपुष्पाची असतात. त्यांच्यावर महाधनेशाची गुजराण होत नाही. पहिल्या उन्हाळ्यातल्या वणव्यानंतर त्यांतली किती जगली, हे मोजायला कोणी जात नाही.

कधी कधी तर झाड लावणे हीच हानी असते. कासच्या पठारावर कातळावर मातीचा पातळ थर आहे. तेथे सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. पावसाळ्यात सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या इवल्या वनस्पती त्या ओल्या थरावर फुलतात आणि हिवाळ्यात पठार पुन्हा उघडे दिसू लागते. अजाणत्या डोळ्यांना ती ओसाड जमीन वाटते. तिथे खड्डे घेऊन झाडे लावली, तर हजारो वर्षांत घडलेली सृष्टी सावलीखाली नष्ट होईल.

तुटलेले रान पुन्हा उभे करण्याचे काम कसे असते, हे तमिळनाडूतील वाल्पराईच्या पठारावर पाहावयास मिळते. अनैमलाई डोंगररांगेतील हे पठार सुमारे २२० चौरस किलोमीटरचे आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेथील सदाहरित रान तोडून चहा-कॉफीचे मळे झाले. मळ्यांमध्ये रानाचे लहानलहान तुकडे उरले आणि त्यांत सिंहपुच्छ माकड, धनेश यांसारखे जीव कोंडले गेले. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी या शतकाच्या आरंभी तेथे काम सुरू केले. जमीन पॅरी अ‍ॅग्रो, तेव्हाची टाटा कॉफी यांसारख्या कंपन्यांची, शास्त्र अभ्यासकांचे, श्रम स्थानिक लोकांचे आणि पैसा अनेक दात्यांचा, असा तो संयोग आहे. रस्त्याकडेला पडलेल्या बिया वेचून रोपवाटिकेत शंभरावर देशी जातींची रोपे वाढवली जातात. पावसाळ्यात ती मिश्र पद्धतीने लावली जातात आणि त्यानंतर काही वर्षे तण काढून त्यांची निगा राखली जाते. सात ते पंधरा वर्षांनी केलेल्या मोजणीत एक गोष्ट दिसली. नुसत्या सोडून दिलेल्या तुकड्यांपेक्षा असे जोपासलेले तुकडे अधिक वेगाने मूळ रानाकडे सरकले होते. तरी मूळ रानाची बरोबरी त्यांनाही साधली नव्हती. यातून मिळणारा धडा असा, की उभे रान राखणे हे मोडलेले रान पुन्हा जोडण्यापेक्षा स्वस्तही आहे आणि श्रेष्ठही.

येथे एक प्रश्न श्रद्धावान श्रावकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वनस्पतीही एकेंद्रिय जीव आहे. मग रान जोडण्यासाठी घाणेरीचे झुडूप उपटावे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या मनात तो उठेल, त्याने आपल्या गुरुमहाराजांना जरूर विचारावा. मात्र त्याचे समाधान होईपर्यंत हात आखडून बसण्याचे कारण नाही. जुना वृक्ष तोडीपासून वाचवणे, वणवा रोखणे, वेचणाऱ्याला रास्त भाव देणे या कामांत काहीच उपटावे लागत नाही, आणि डोंगराची पहिली गरजही हीच आहे.

बोली आणि तिथी

समाजात दान देण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक बोलीची. उत्सवाच्या दिवशी चढावा बोलला जातो, भावनेचा उत्कर्ष होतो आणि लाभ मिळतो. दुसरी कायम तिथीची. ठेव एकदा ठेवली जाते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या तिथीला भोजन, पूजा किंवा जीवदया घडते. देणारा निवर्तला, नातवंडे परगावी गेली, तरी ती तिथी चुकत नाही. डोंगराला आजवर बोलीचे दान मिळाले. त्याला गरज आहे तिथीच्या दानाची.

कारण डोंगराचा खर्च एकदाच होत नाही. पावसाळ्यानंतर वाळलेले गवत कापून जाळरेषा काढाव्या लागतात. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत वणव्यावर नजर ठेवणारी माणसे लागतात. विणीच्या काळात घरट्याची राखण लागते. मालकाशी केलेल्या कराराची मुदत संपली, की नवी रक्कम लागते. तीन वर्षांचे अनुदान संपले आणि चौथ्या वर्षी राखणदार घरी गेला, तर आधीच्या तीन वर्षांचे दान पाण्यात जाते.

याचा हिशेब कोणीही मांडू शकेल. एका कुटुंबाने १ लाख रुपयांची ठेव ठेवली, तर ६ ते ७ टक्के दराने वर्षाला ६ ते ७ हजार रुपये येतात. त्यात एका माणसाची वर्षभराची राखण भागत नाही. २५ कुटुंबांनी एकत्र येऊन २५ लाखांची ठेव केली, तर वर्षाला दीड ते पावणेदोन लाख येतात. महिन्याला ते साडेबारा ते साडेचौदा हजार होतात. गावातल्याच एका तरुणाला त्यातून वनराखणीचे काम मिळू शकते. महागाईपुढे ठेव झिजू नये म्हणून व्याजाचा काही भाग मुद्दलात परत टाकावा लागेल, म्हणजे कुटुंबे २५ ऐवजी ३५ लागतील. एका मध्यम गावच्या संघाला हे अवघड नाही. मोठ्या कंपन्यांसाठी कायद्याने दुसरी वाट खुली केली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक आहे, त्यांच्यासाठी नेमून दिलेल्या विषयांत पर्यावरणाचे संतुलन, वनस्पती व प्राणी यांचे रक्षण आणि पशुकल्याण यांचाही समावेश आहे.

देण्यापूर्वी मात्र व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखेच प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची आहे आणि करार किती वर्षांचा आहे? ग्रामसभेची व जैवविविधता समितीची संमती आहे काय? रोपे कोणत्या जातीची आहेत आणि तिसऱ्या वर्षी त्यांची निगा कोण राखणार? अहवालात लावलेल्या रोपांबरोबर मेलेल्या रोपांचाही आकडा दिला जातो काय? जी संस्था शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न लपवता देते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

आरंभ कोठून करावा, याचेही उत्तर दूर नाही. मांगीतुंगी, गजपंथा, मुक्तागिरी ही महाराष्ट्रीय श्रावकांच्या नित्य परिचयाची क्षेत्रे डोंगरांतच आहेत. यात्रेकरू पायऱ्या चढतो, वंदना करतो, परततो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंचे रान कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याने पाहिलेले नसते. सम्मेदशिखराच्या पावित्र्यासाठी समाज एकवटला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. देखरेख समितीत जैन समाजाचे दोन आणि स्थानिक आदिवासी समाजाचा एक सदस्य असावा, असेही सुचवले. संथाळ बांधवांसाठीही तो पर्वत मरांग बुरू म्हणून पूज्य आहे. पर्वताचे रक्षण पायथ्याच्या माणसांना सोबत घेऊनच होऊ शकते, ही जाणीव त्या सूचनेत आहे.

वहीची दुसरी बाजू

अखेरीस जमेच्या बाजूबरोबर खर्चाच्या बाजूकडेही पाहावे लागते. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या प्रसंगी पंधरा कर्मादाने वर्ज्य म्हणून सांगितली आहेत. कोळसे पाडण्याचा अंगारकर्म, रान तोडण्याचा वनकर्म, आग लावण्याचा दवदान, जलाशय आटवण्याचा सरःशोष हे उद्योग त्यांत आहेत. पूर्वजांनी या व्यवसायांपासून दूर राहण्याचा यत्न केला. आज रान तोडण्याचा ठेका कोणी श्रावक घेत नसेलही. पण कारखान्याच्या बॉयलरसाठी येणारे जळण कोणत्या उतारावरून आले, मालाची खोकी कोणत्या झाडाची, डोंगरावर घेतलेल्या भूखंडासाठी किती रान साफ झाले, हे प्रश्न पेढीवर बसूनच विचारता येतात. एका हाताने जीवदयेच्या खात्यात रक्कम भरावी आणि दुसऱ्या हाताने त्याच डोंगराचे जळण विकत घ्यावे, यात हिशेब जुळत नाही.

प्रत्येक संघात वर्षातून एकदा जीवदया खात्याचा विनियोग ठरतो. पांजरपोळाची रक्कम कमी न करता त्या यादीत एक नवी ओळ घालता येईल. ती एखाद्या डोंगराच्या नावाची असावी. तिच्यापुढे रक्कम लहान असली तरी चालेल, पण तिथी कायमची असावी. संगमेश्वरच्या रानात ढोलीचे दार लिंपून आत बसलेली मादी बाहेर येईपर्यंत तीन-चार महिने ते झाड उभे राहिले पाहिजे, आणि पुढच्या वर्षी ती परत येईल तेव्हाही. त्या झाडाच्या राखणीचा पैसा प्रतिवर्षी वेळेवर पोहोचणे, हेच तिच्यासाठी अभयदान आहे.